वाचक विचारतात : पुतळा आणायचा, उचलायचा, बसवायचा

कोल्हापूरला पुतळ्यांचं अप्रूप जुनं आहे. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले, तेही बाबासाहेब हयात असताना. कावळा नाक्यावरचा, पुढचे पाय हवेत झेपावलेला ताराराणींचा घोडा शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचा. या गावात पुतळ्याच्या चेहऱ्यावर, पागोट्यावर, घोड्याच्या मानेवर तासन् तास चर्चा होते. तो कार्यशाळेतून चौथऱ्यावर कसा जातो, याची चर्चा मात्र क्रेन दारात उभी राहिल्यावर सुरू होते. या वेळची बहुतेक पत्रं त्याच टप्प्यावरची आहेत.

प्रश्न : आमच्या तालमीने पुढाकार घेऊन स्मारक समिती केली आहे. बारा फुटी अश्वारूढ पुतळा पुण्याजवळच्या एका कार्यशाळेत ब्राँझमध्ये करायचा ठरला आहे. सध्या मातीचं काम चालू आहे. वाहतूक आणि क्रेनचं आत्ताच बघावं लागेल का, की ओतकाम झाल्यावर बघितलं तरी चालेल? आणि वजन किती धरायचं?
— स्मारक समिती, शिवाजी पेठ

उत्तर : आत्ताच. माती ओली आहे तोवरच तुम्हाला हवे ते बदल फुकटात मिळतात. ओतकाम झाल्यावर तेच बदल कापून, जोडून, रंग पुन्हा चढवून करावे लागतात.

आधी वजन. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. त्याचं वजन उंचीवरून नाही, पृष्ठभागावरून काढायचं. आपल्याकडे पुतळ्यांना सर्रास वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे तांबं ८५ टक्के आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के. त्याचा ८ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे ७० किलो भरतो. बारा फुटी अश्वारूढ पुतळ्याचा पृष्ठभाग, शेला, शेपूट, खोगीर धरून, साधारण २० चौरस मीटर येतो. म्हणजे नुसतं कवच १४०० किलो. त्यात आतली चौकट, सांध्यांवरची जादा जाडी आणि तळाची प्लेट मिळवली की दोन ते अडीच टन. ओतकामात जाडी ८ ऐवजी १० मिलिमीटर आली, आणि ती बऱ्याचदा येते, तर कवचच पाव पटीने वाढतं. म्हणून उचलण्याच्या हिशेबाला तीन टन धरा. कार्यशाळेतून निघताना क्रेनच्या हुकाला वजनकाटा लावून खरा आकडा लिहून घ्या. तोंडी आकड्यावर क्रेन ठरवू नका.

आता माती असताना करून घ्यायच्या गोष्टी. पहिली, उचलण्याच्या जागा. घोड्याला मानेला, उचललेल्या पायाला किंवा स्वाराच्या हाताला पट्टा बांधून उचलायचं नसतं. तिथला सांधा उघडतो. तेव्हा दिसला नाही तरी दोन पावसाळ्यांत तिथून पाणी ओघळल्याची हिरवी रेघ उमटते. उचलायचं ते आतल्या चौकटीला. त्यासाठी चौकटीला आतून जोडलेल्या चार जाड कड्या, खोगिराच्या कडेला किंवा शेल्याच्या घडीत लपतील अशा झाकणांखाली, शिल्पकाराकडून आधीच ठरवून घ्या. नंतर त्याच झाकणांतून आत कॅमेरा घालून तपासणीही करता येते.

दुसरी गोष्ट गुरुत्वमध्य. घोडा झेपावलेला असेल तर वजनाचा तोल मागच्या पायांच्या नेमका वर येत नाही, थोडा पुढे किंवा बाजूला पडतो. शिल्पकाराच्या छोट्या प्रतिकृतीला दोरी बांधून दोन-तीन वेगवेगळ्या बिंदूंपासून लोंबकळत ठेवा आणि दोरीची रेघ दर वेळी खाली वाढवा. त्या रेघा जिथे छेदतात तिथे तोल. प्रतिकृती भरीव आणि पुतळा पोकळ असल्यामुळे हे उत्तर अगदी काटेकोर नसतं, पण कड्या कुठे हव्यात ते ठरवायला पुरतं.

तिसरी, तळाची प्लेट. तिच्यावरच्या भोकांचा नकाशा ओतकामाआधी कागदावर यायला हवा, कारण चौथऱ्याचं सगळं काम त्याच कागदावर चालतं. पुढे कागलच्या पत्राच्या उत्तरात ते सविस्तर येईलच.

परवानगीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर नव्या पुतळ्याला परवानगी देण्यास राज्यांना मनाई केली आहे. राज्य शासनाची मार्गदर्शक तत्त्वं त्याशिवाय आहेत. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून प्रस्ताव जातो. जागेचा कागद हातात येण्याआधी ओतकामाची आगाऊ रक्कम देऊ नका. तयार पुतळा पोत्यात गुंडाळून वर्षानुवर्षं गोदामात पडून राहणं, यासारखी त्या महापुरुषाची दुसरी अवहेलना नाही.

प्रश्न : पुतळा पुण्याकडून कोल्हापूरला आणताना उभा आणावा की आडवा? आमच्यातले काही जण म्हणतात, महाराजांना आडवं घालायचं नाही.
— वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावना बरोबर आहे, आणि सुदैवाने ती पुष्कळदा तांत्रिकदृष्ट्याही बरोबर ठरते. पुतळा उभा राहण्यासाठी घडवलेला असतो. आतली चौकट पायांतून खाली वजन नेण्यासाठी असते. आडवा केला की तेच वजन खांद्यावर, कोपरावर, घोड्याच्या बरगडीवर येतं, आणि तिथे नुसतं ८ मिलिमीटरचं कवच असतं.

अडचण उंचीची. मालवाहू गाडीची उंची रस्त्यापासून सर्वसाधारणपणे ४ मीटरच्या आत लागते. साध्या ट्रकचा हौदा रस्त्यापासून सव्वा मीटरच्या आसपास असतो, लो-बेड ट्रेलरचा सुमारे एक मीटर. बारा फूट म्हणजे ३.६ मीटर. लो-बेडवर उभा केला तरी ४.६ मीटर झाले. मग ती जादा मापाची वाहतूक ठरते. तिला परिवहन खात्याची वेगळी परवानगी लागते, पुढेमागे गाड्या लागतात, वेळ ठरवून घ्यावी लागते. नऊ फुटांपर्यंतचा पुतळा लो-बेडवर उभा आणता येतो. त्यावरच्यासाठी तीन वाटा आहेत. रीतसर परवानगी घेऊन उभा आणणं ही पहिली. दुसरी, स्वाराचा कमरेपासूनचा भाग वेगळा ठेवून इथे जोडणं. तिसरी, लोखंडी पाळण्यात तिरका टेकवून आणणं. तिसरी वाट धरली तर पाळणा पुतळ्याच्या आतल्या चौकटीला बोल्टने जोडलेला हवा. पुतळा कवचावर टेकता कामा नये.

बांधणीबद्दल लोक गवताच्या पेंढ्या, गाद्या, टायर सुचवतात. दबणारी कुठलीही वस्तू पट्ट्याखाली नको. पन्नास किलोमीटरवर ती बसते आणि पट्टा सैल होतो. लाकडी ठोकळे आणि वर १०-१२ मिलिमीटरचं रबर एवढंच पुरे. पट्टे रॅचेटचे, म्हणजे दांड्याने आवळत नेता येणारे, घ्यायचे आणि ते तळाच्या प्लेटला व चौकटीला बांधायचे, हातापायांना नाही. ड्रायव्हरने जोरात ब्रेक दाबला तर पुतळा त्याच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के जोराने पुढे रेटला जातो, वळणावर बाजूला निम्म्या जोराने. तीन टनांना पुढच्या दिशेने अडीच टनांच्या आसपास रोखू शकेल अशी बांधणी लागते. त्यात वरून दाबणारे पट्टे वेगळे, पुढे सरकू न देणारे आडवे ठोकळे वेगळे. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरला थांबून सगळे रॅचेट पुन्हा आवळायचे. पुढे प्रत्येक टोलनाक्याला, म्हणजे खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणीला, हात फिरवून बघायचं.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. रात्रीचा दमटपणा आत अडकतो आणि रासायनिक रंगावर पांढुरके, हिरवट डाग उठतात. ते पुसून जात नाहीत. निघण्याआधी मेणाचा हात, वर सुती कापड, आणि फक्त घासणाऱ्या जागी फेल्ट.

खंबाटकीला त्या आठवड्यात कुठली वाट चालू आहे, घाटाची की बोगद्याची, आणि बोगदा असेल तर उंची किती, हे आधी विचारून ठेवा. शिरोलीपाशी दुसरा धोका पावसाचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली होती. जुलै-ऑगस्टमध्ये तारीख घेऊच नका. शहरात शिरायच्या आदल्या रात्री एका जीपला पुतळ्याच्या मापापेक्षा वीतभर उंच बांबू बांधून तावडे हॉटेलपासून जागेपर्यंत सबंध मार्ग फिरवा. बांबू अडकतो तो बहुधा विजेच्या तारेला नाही, केबल टीव्हीच्या वायरला आणि स्वागत कमानीला. लांब ट्रेलर पेठांतल्या कोपऱ्यांवर वळत नाही. शिरोलीला मोकळ्या जागेत उतरवून आखूड गाडीवर घेणं स्वस्त पडतं.

प्रश्न : ठेकेदार म्हणतो १४ टनांची हायड्रा आणतो, पुतळा तीन टनांचाच आहे, चौपट ताकद झाली. मोठी क्रेन म्हणजे उगाच खर्च. चौथरा दहा फूट उंच आहे आणि भोवती कठडा आहे. त्याचं म्हणणं पटावं का?
— वाचक, रंकाळा परिसर

उत्तर : पटवून घेऊ नका. हायड्रा म्हणजे वजन उचलून चालणारी छोटी क्रेन. १४ टन हा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आखूड आणि हूक क्रेनच्या नाकाजवळ असतानाचा असतो. अंतर वाढलं की ताकद झपाट्याने उतरते. तुमच्या जागेचाच हिशेब मांडू.

उंची आधी. चौथरा ३ मीटर, पुतळा ३.६, बोल्टांवरून अलगद नेण्यासाठी अर्धा मीटर, वरचे पट्टे आणि आडवा बीम २ मीटर, हुकाचा ठोकळा १ मीटर. म्हणजे बूमचं टोक १० मीटरच्या वर पाहिजे. आता अंतर. कठडा चौथऱ्याच्या मध्यापासून साडेतीन मीटरवर असेल तर क्रेन त्याच्या बाहेर उभी राहणार. तिचा स्वतःचा मध्य आणखी तीन मीटर मागे. झाले साडेसहा-सात मीटर. एवढ्या लांब आणि एवढ्या उंच बूमवर ती १४ टनांची हायड्रा दोन-तीन टनांवर येऊन ठेपते. तुमचं वजन तीन टन. म्हणजे काठावर नाही, काठाच्या पलीकडे.

शिवाय हायड्रा वजन अडकवून चालवता येते म्हणून लोक ती निवडतात, आणि नेमकं तेच तिचं दुखणं आहे. वजन हुकाला, चाक खड्ड्यात किंवा वळणावर, बूम वर, अशा वेळी ती कलंडते. ट्रेलरवरून पाळणा खाली घेणं, फळ्या-प्लेटा उचलणं याला हायड्रा उत्तम. चौथऱ्यावर चढवायला पाय टाकून उभी राहणारी, ४० टनांची टेलिस्कोपिक क्रेन मागा आणि तिचा लोड चार्ट कागदावर घ्या. तुमच्या अंतराला आणि बूमच्या लांबीला चार्ट जे वजन दाखवतो, त्याच्या तीनचतुर्थांशापेक्षा जास्त उचलायचं नाही.

मग क्रेनच्या पायांखालची जमीन. अशी क्रेन स्वतःच तीसएक टनांची असते. बूम एका कोपऱ्याकडे फिरला की त्या एका पायावर वीस टनसुद्धा येतात. एक मीटर बाय एक मीटरच्या फळीवर ते वीस टन प्रति चौरस मीटर झाले. रस्त्याकडेची भरावाची जमीन तेवढं सोसत नाही. दीड बाय दीडच्या जाड फळ्या किंवा लोखंडी प्लेटा घातल्या की तोच भार नऊ टनांवर येतो. जुन्या पेठांत रस्त्याखाली गटारं, चेंबर, पाण्याच्या जुन्या लाइनी आहेत. महापालिकेच्या ड्रेनेज आणि पाणीपुरवठा विभागाचा माणूस आदल्या दिवशी जागेवर आणून प्रत्येक पायाची जागा चुन्याने आखून घ्या. क्रेनचा पाय चेंबरच्या झाकणाशेजारी टेकलेला दिसला तर काम थांबवा, मग मिरवणूक कितीही ताटकळो.

पट्ट्याच्या कोनाकडे कुणी बघत नाही. दोन पट्ट्यांनी उचलताना पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो, ४५ अंशांत ७१ टक्के, आणि ३० अंशांत पूर्ण १०० टक्के. म्हणजे तीन टनांच्या पुतळ्याला बुटक्या पट्ट्यांनी उचललं तर प्रत्येक पट्ट्यावर तीन टन. त्याशिवाय तेच पट्टे स्वाराच्या खांद्यांना आतल्या बाजूला दाबतात. म्हणून वर आडवा बीम घालायचा आणि त्याच्यापासून पट्टे सरळ खाली सोडायचे.

जवळून ११ केव्हीची लाइन जात असेल तर महावितरणला लेखी अर्ज देऊन ती बंद करून घ्या. फोनवरच्या 'बंद केली' या शब्दावर बूम फिरवू नका. लाइनमनने तारेला अर्थिंगचा दांडा लावलेला डोळ्यांनी बघा.

उचलताना आधी वीतभर. तिथे दहा मिनिटं थांबा, तोल बघा, पट्टे बघा, क्रेनचे पाय बघा. खाली दोन दोर, दोन माणसं, पुतळा गिरकी घेऊ नये म्हणून. इशारा देणारा एकच. चौकात पन्नास जण हात वर करून 'घे, घे' म्हणतात आणि ऑपरेटरला कुणाचं ऐकावं कळत नाही. तेव्हा पोलिसांकरवी रिंगण मोकळं ठेवा. बूमच्या पोचेपेक्षा ते मोठं असावं. एप्रिल-मेमध्ये वेळ सकाळची घ्या, कारण दुपारनंतर वळवाचा वारा कधी उठेल सांगता येत नाही आणि ताशी ३५ किलोमीटरच्या वर वारा गेला की क्रेन थांबवायची असते.

प्रश्न : मी बांधकाम ठेकेदार आहे. चौथऱ्यात बोल्ट भरून झाले, काँक्रीट पक्कं झालं, आणि आता कार्यशाळेने पाठवलेला प्लेटचा साचा ठेवून पाहिला तर आठपैकी तीन बोल्ट दहा-बारा मिलिमीटरने चुकतात. बोल्ट गरम करून वाकवू का? आणि मुळात हे होऊ नये म्हणून काय करायचं होतं?
— ठेकेदार, कागल

उत्तर : गरम करू नका, वाकवूही नका. तापवलेल्या बोल्टची ताकद भरवशाची राहत नाही आणि वाकलेला बोल्ट ताणाला सरळ व्हायला बघतो. पुतळ्याच्या प्लेटचं भोक गॅस कटरने वाढवणं तर त्याहून वाईट.

चूक भरून काढायची असेल तर प्लेटचं भोक ड्रिलने लांबट करून घ्या आणि त्यावर बोल्टच्या मापाचं नेमकं भोक असलेली १६ मिलिमीटरची चौकोनी प्लेट ठेवून ती वेल्ड करा. बारा मिलिमीटरपर्यंत हे चालतं. त्याहून जास्त असेल तर तो बोल्ट वरून कापा आणि शेजारी कोअर ड्रिलने नवं भोक पाडून इपॉक्सी अँकर, म्हणजे इपॉक्सीच्या गोंदाने पक्का होणारा बोल्ट, भरा. त्याची खोली आणि काठापासूनचं अंतर अभियंत्याकडून लिहून घ्या. भोक फुंकून, ब्रश मारून, पुन्हा फुंकून स्वच्छ केलं नाही तर इपॉक्सी धुळीला चिकटते, काँक्रीटला नाही, आणि बोल्ट हातात येतो.

हे होऊ नये याची खरी युक्ती म्हणजे बोल्ट आधी भरायचेच नाहीत. काँक्रीट ओतताना प्रत्येक बोल्टच्या जागी १५० बाय १५० मिलिमीटरचा आणि ६०० मिलिमीटर खोल खळगा सोडायचा. पुतळा बोल्ट खाली लोंबकळत असताना उतरवायचा, पातळीत घ्यायचा, आणि मग खळगे न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरायचे. असं केलं की दोन-अडीच सेंटिमीटरची चूक सहज पोटात जाते.

बोल्ट कशाला एवढे, पुतळा काय उडून जातोय, असं पुष्कळांना वाटतं. म्हणून आकडे देतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार आपल्या पट्ट्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. बारा फुटी घोड्याची बाजू पाच चौरस मीटर धरली आणि आकाराचा गुणक १.३ घेतला तर बाजूने ६०० किलोंचा रेटा येतो. तो चौथऱ्याच्या वर दोन मीटरवर लागतो असं धरलं तर उलथवणारा जोर १२०० किलो-मीटर (किलो गुणिले मीटर). सव्वादोन टनांच्या पुतळ्याचे खूर आडवे ८० सेंटिमीटर पसरले असतील तर त्याचं स्वतःचं वजन फक्त ९०० किलो-मीटरने त्याला धरून ठेवतं. बाकीचं काम बोल्टांचं आहे. हा ढोबळ हिशेब झाला. तुमच्या पुतळ्याचा अभियंत्याने स्वतंत्र करायचा, त्यात भूकंपही धरायचा. कोयना आपल्यापासून लांब नाही. उंची दुप्पट झाली तर वाऱ्याचा रेटा चौपट आणि उलथवणारा जोर आठपट होतो. 'आणखी पाच फूट वाढवू' असं बैठकीत म्हणणाऱ्यांना हे सांगा.

पुतळा टेकवताना प्लेटखाली स्टीलच्या चिपा देऊन पातळी घ्यायची, दोन दिशांनी पाणसळ आणि ओळंबा. ओळंबा स्वाराच्या पाठीवरून बघू नका, शिल्पकाराने आखून दिलेल्या रेघेवरून बघा, कारण घोडा मुळातच कललेला असू शकतो. चिपांमुळे राहिलेली २५ ते ५० मिलिमीटरची फट ग्राउटने भरायची. ग्राउट एकाच बाजूने ओतायचा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. चारी बाजूंनी ओतला तर मध्ये हवा कोंडते, प्लेट तिथे पोकळीवर राहते आणि ठोकून बघितलं की ढब् आवाज येतो. वर तीन दिवस ओलं गोणपाट. नट आधी हाताला लागेल इतकाच, पूर्ण आवळणं सात दिवसांनी, दुहेरी नट घालून.

चौथऱ्याचं काँक्रीट २८ दिवसांचं होऊ द्या. कार्यक्रमाच्या तारखेवरून मागे मोजत या आणि तेवढे दिवस बसत नसतील तर तारीख हलवा. पाया काळ्या मातीत थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत जा. दगडाची किंवा ग्रॅनाइटची आवरणं पुतळा बसल्यावर लावा, आधी लावली की पट्टा आणि प्लेट त्यांचे काठ उडवतात. दिव्यांच्या वायरीचा पाइप आणि वीज पडल्यास जमिनीत जाणारी २५ बाय ३ मिलिमीटरची तांब्याची पट्टी मात्र काँक्रीट ओतण्याआधीच.

प्रश्न : फायबरचा आठ फुटी पुतळा हलका असतो, चार माणसं उचलतात. त्याला एवढं सगळं लागत नसेल ना?
— वाचक, गडहिंग्लज

उत्तर : चढवायला लागत नाही, धरून ठेवायला जास्त लागतं. आठ फुटी फायबरचा पुतळा शंभर-सव्वाशे किलोंचा, आणि वाऱ्याचा बाजूचा रेटा दोनशे किलोंच्या घरात. आतली चौकट थेट चौथऱ्यातल्या बोल्टांपर्यंत गेलीच पाहिजे. नुसतं फायबर स्क्रूने धरलं तर स्क्रूभोवती चीर पडते.

प्रश्न : मालवणची घटना ऐकल्यापासून आमच्या गावातल्या पुतळ्याची काळजी वाटते. तो बसून सहा वर्षं झाली. बाहेरून ठीक दिसतो. आतून ठीक आहे हे कसं कळणार?
— ग्रामस्थ, पन्हाळा तालुका

उत्तर : मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. चौकशी समितीने गंज, कमकुवत चौकट आणि वेल्डिंगमधले दोष यांवर बोट ठेवलं. तिन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत, म्हणून तुमची शंका रास्त आहे.

होतं असं. आत साधं लोखंड, बाहेर ब्राँझ, आणि मध्ये पावसाचं पाणी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की लोखंड लवकर गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगून सांधे आतून उचकटतो. म्हणूनच चौकट स्टेनलेस ३०४ ची हवी, समुद्राकाठी ३१६ ची, आणि जिथे ती ब्राँझला टेकते तिथे मध्ये नायलॉन किंवा निओप्रीन.

तुम्ही करायचं ते असं. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी खुरांपाशी, टाचांपाशी बघा. पाणी झिरपत असेल तर आत साठलंय. तपकिरी ओघळ असेल तर लोखंड गंजतंय, हिरवा असेल तर सांधा उघडलाय. सगळ्यात खालच्या जागी १०-१२ मिलिमीटरची पाणी जाण्याची भोकं आहेत का? बऱ्याच ठिकाणी रंगाऱ्याने ती पुट्टी भरून बुजवलेली सापडतात. उघडा. वरच्या झाकणातून, नाहीतर शेल्याच्या घडीत २५ मिलिमीटरचं भोक पाडून, मोबाइलला जोडता येणारा एंडोस्कोप कॅमेरा आत सोडा आणि प्रत्येक वेल्डचा फोटो घ्या. वेल्डला चीर किंवा पापुद्रे दिसले तर पुतळ्याखालची वर्दळ त्याच दिवशी बंद करा आणि स्ट्रक्चरल अभियंत्याला बोलवा. हे फोटो जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागांचे पुन्हा काढले की गंज वाढतोय का थांबलाय ते कळतं.

प्रश्न : रस्ता रुंदीकरणात आमच्या चौकातला जुना अर्धपुतळा पंचवीस फूट मागे घ्यायचा आहे. तीन फुटांचाच आहे. रात्रीत हलवू, असं सगळे म्हणतात.
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : रात्री हलवायला हरकत नाही, वर्दळ कमी असते. पण परवानगी, पोलिस आणि गावातल्या सगळ्या गटांची संमती यांचं काम दिवसाउजेडी झालेलं असावं.

तीन फुटी पोकळ ब्राँझ अर्धपुतळा सव्वाशे-दीडशे किलोंचा. जुन्या काळी मात्र छातीपर्यंत काँक्रीट भरून टाकायची पद्धत होती. मग तोच पुतळा पाचशे किलोंच्या पुढे जातो. बोटाच्या गाठीने ठोकत वर जा, आवाज बदलतो तिथपर्यंत भरलेलं आहे. संशय असेल तर जास्त वजन धरा. बोल्ट गॅसने कापू नका, ब्राँझचा रंग जळतो आणि मिश्रधातूतल्या शिशाचा धूर श्वासात जातो. हॅकसॉ किंवा डायमंड वायर. पुतळा मोकळा होईना म्हणून क्रेनने हिसका देणं हा सगळ्यात मोठा अपघात. बोल्ट तुटतो आणि पुतळा एकदम वर उसळतो, नाहीतर गळ्याशी फाटतो. हलवताना चेहरा स्वच्छ पांढऱ्या कापडाने झाका आणि पट्टा गळ्याला कधीही लावू नका. चौथऱ्यातून सुटलेला जुना शिलालेख आधी फोटो काढून, मग क्रमांक टाकून, पुतळ्याबरोबरच न्या. सर्वांत जास्त हरवतो तो हाच.

प्रश्न : जयंतीला दुधाचा अभिषेक होतो, हार घालायला शिडी लावतात. त्याने पुतळ्याला काही होतं का?
— वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : होतं. दूध आंबलं की त्यातलं आम्ल ब्राँझचा रंग खातं. तूप आणि गुलाल खाचांत बसून ओल धरतात. अभिषेक करायचाच तर पुतळ्यावर आधी मेणाचा थर असू द्या, आणि त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने व सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुऊन सुती कापडाने कोरडं करा. ॲसिड, चिंच, पितांबरी यातलं काहीही नको, त्याने रंगच निघून येतो. मेण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, धातू उन्हाने कोमट असताना.

शिडीचा भार पुतळ्याच्या हातावर, तलवारीवर किंवा घोड्याच्या मानेवर टाकू नका. ऐंशी किलोंचा माणूस वर असताना तिथे पडणारा जोर सांध्याला ओरबाडतो. चौथऱ्यामागे बोल्टने जोडायची, सुटी करता येणारी लोखंडी पायरी करून घ्या, तिला वर उभं राहायला दोन फुटी फळी आणि कठडा. नवा चौथरा होत असेल तर या पायरीचे चार बोल्ट काँक्रीटमध्येच सोडून ठेवायला सांगा.